महाराष्ट्रातील प्रतिबंधित शस्त्रविषयक कायदा

महाराष्ट्रातील प्रतिबंधित शस्त्रविषयक कायदा म्हणजे स्वयंचलित व लष्करी बनावटीच्या बंदुका बाळगण्यावर, तसेच सार्वजनिक ठिकाणी शस्त्र वाहून नेण्यावर निर्बंध घालणाऱ्या केंद्रीय व राज्य तरतुदी होत. यांतील मुख्य कायदा शस्त्र अधिनियम, १९५९ हा असून पोलीस कारवाईच्या बातम्यांत त्याचा उल्लेख ‘भारतीय हत्यार कायदा’ असा येतो.

पार्श्वभूमी

लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ साली झालेल्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास मनाई केली. युरोपीयांना मात्र त्यातून सूट होती. या भेदभावामुळे तो कायदा राष्ट्रीय चळवळीच्या रोषाचा विषय ठरला. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तसा मूलभूत हक्क मिळावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला व ती संमत झाली नाही. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने दिलेले सभास्वातंत्र्य शांततेने व ‘विनाशस्त्र’ एकत्र येण्याचे आहे.

केंद्र व राज्य

सातव्या अनुसूचीतील संघसूचीत शस्त्रे, दारूगोळा व स्फोटके हा विषय पाचव्या क्रमांकावर आहे. त्यामुळे बंदुकांचे प्रकार ठरविणारा कायदा संसद करते. अमेरिकेत याउलट स्थिती आहे. तेथील १९९४ ची संघीय बंदी २००४ मध्ये संपली. कॅलिफोर्निया (१९८९), न्यूयॉर्क (२०१३), इलिनॉय (२०२३) आदी राज्यांनी मात्र ‘असॉल्ट वेपन’ प्रकारच्या बंदुका व अधिक गोळ्यांची मॅगझिने यांवर स्वतंत्र निर्बंध घातले आहेत.

भारतीय कायदा मुख्यतः मॅगझिनमधील गोळ्यांची संख्या न पाहता बंदुकीची यंत्रणा व बोअर पाहतो. चाप दाबून धरला असता मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात, अशी बंदूक कलम २ नुसार प्रतिबंधित आहे. अनेक अर्धस्वयंचलित बंदुका व लष्करी काडतुसे वापरणारी शस्त्रेही नियमांतील प्रतिबंधित वर्गात मोडतात. कलम ७ अन्वये केंद्र शासनाच्या विशेष परवानगीविना ती बाळगता येत नाहीत.

शिक्षा

२०१९ च्या दुरुस्तीने प्रतिबंधित शस्त्र बाळगण्याची शिक्षा ५ ते १० वर्षांवरून ७ ते १४ वर्षे केली. एका व्यक्तीजवळील परवानाधारक बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. अशा शस्त्राने मृत्यू घडल्यास मृत्युदंड अनिवार्य करणारे, १९८८ मध्ये जोडलेले कलम २७(३) सर्वोच्च न्यायालयाने १ फेब्रुवारी २०१२ रोजी पंजाब राज्य विरुद्ध दलबीर सिंग या खटल्यात घटनाबाह्य ठरविले.

महाराष्ट्रातील अंमलबजावणी

१९९३ च्या आरंभी रायगड जिल्ह्यातील दिघी व शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके गुप्तपणे उतरविण्यात आली. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांत २५७ जण मृत्युमुखी पडले. त्या खटल्यात अभिनेता संजय दत्त याला बेकायदा शस्त्रे बाळगल्याबद्दल झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ रोजी पाच वर्षे केली.

राज्याचा स्वतःचा अधिकार सार्वजनिक सुव्यवस्थेपुरता आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ अन्वये पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी तलवारी, भाले, बंदुका, सुरे, लाठ्या इत्यादी जवळ बाळगून फिरण्यास ठरावीक काळापुरती मनाई करू शकतात. सण, मोर्चे व निवडणुकांच्या काळात असे आदेश नेहमी निघतात.

सीमावर्ती भाग व शेतीसंरक्षण

या दोन कायद्यांतील फरक राज्याच्या सीमेवर स्पष्ट होतो. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील बपेरा हे मध्य प्रदेशाच्या सीमेलगतचे गाव आहे. भंडाऱ्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांचा कलम ३७ खालील आदेश पलीकडच्या बालाघाट जिल्ह्यात लागू होत नाही. तेथे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली स्वतंत्र आदेश काढावा लागतो. शस्त्र अधिनियम मात्र दोन्हीकडे सारखाच लागू आहे. बंदूक कोणती चालेल हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राज्याला असता, तर एका बाजूची बंदी दुसऱ्या बाजूच्या बाजारपेठेमुळे निष्प्रभ होऊ शकली असती.

धानपट्ट्यातील शेतकऱ्याला रानडुकरांपासून पिकाचे रक्षण करावे लागते. कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. ती अपुरी ठरत असल्यास परवाना अधिकारी गुळगुळीत नळीच्या अन्य बंदुकीचा परवाना देऊ शकतो. परवान्याने शिकारीचा हक्क मात्र मिळत नाही. वन्यप्राणी मारण्याबाबत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू राहतो.