‘काश्मीर प्रिन्सेस’ आणि बांडुंगचा आशिया

बांडुंग म्हटले की नेहरू, चौ एन-लाय, नासर आणि सुकार्णो यांची छायाचित्रे डोळ्यांपुढे येतात. १८ ते २४ एप्रिल १९५५ या सात दिवसांत आशिया-आफ्रिकेतील २९ देश इंडोनेशियातल्या या शहरात जमले आणि त्यांनी शांततामय सहजीवनाची दहा तत्त्वे मान्य केली. आशियाच्या सुरक्षेचा विचार करणारे अभ्यासक बहुधा याच ठरावापासून सुरुवात करतात. माझ्यासारख्या हौशी अभ्यासकाला मात्र वाटते, की सुरुवात एक आठवडा आधी, समुद्रात कोसळलेल्या एका विमानापासून करावी.

परिषदेला जाणाऱ्या चिनी मंडळींसाठी एअर इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे विमान भाड्याने घेतले होते. ११ एप्रिलला ते ११ प्रवासी आणि ८ कर्मचारी घेऊन हाँगकाँगहून जाकार्ताकडे निघाले. सुमारे पाच तासांनी स्फोट झाला आणि पंख पेटला. कॅप्टन जटार यांनी विमान नातुना बेटांजवळ समुद्रावर उतरवण्याचा प्रयत्न केला. १९ पैकी १६ जण गेले. दीक्षित, पाठक आणि कर्णिक हे तिघे कर्मचारी तेवढे वाचले. कर्णिकांनी पुढे हा अनुभव पुस्तकरूपाने लिहिला.

निशाणा चौ एन-लाय होते, पण ते या विमानात नव्हतेच. ते रंगूनमार्गे गेले आणि तिथे नेहरू व ऊ नू यांना भेटले. इंडोनेशियाच्या चौकशीत अवशेषांमध्ये टाइमबॉम्बचे पुरावे सापडले. त्यातला स्फोटक-प्रेरक अमेरिकी बनावटीचा होता. हाँगकाँगच्या पोलिसांचा संशय विमानतळावरच्या चाऊ त्से-मिंग या सफाई कामगारावर गेला. तो तैवानला पळाला आणि तैवानने त्याला परत दिले नाही. कट कुओमिंतांगच्या गुप्तचरांचा होता, असा ब्रिटिश तपासाचा निष्कर्ष होता. भारताने रामनाथ काव यांना तपासासाठी पाठवले. हेच काव पुढे ‘रॉ’चे पहिले प्रमुख झाले. चौ एन-लाय यांना कटाची पूर्वसूचना होती, हे स्टीव्ह त्सांग यांनी १९९४ साली एका शोधनिबंधात साधार मांडले. सूचना होती, तर इतरांना त्या विमानाने का जाऊ दिले? हा प्रश्न अवघड आहे आणि टाळता येण्यासारखा नाही.

आता या घटनेतली माणसे आणि ठिकाणे एका ओळीत ठेवून पाहा. विमान भारताचे, प्रवासी मुख्यतः चिनी, विमानतळ ब्रिटिश वसाहतीतला, बॉम्ब ठेवणारा तैवानच्या आश्रयाला, अवशेष इंडोनेशियाच्या समुद्रात. एका गुन्ह्याच्या तपासासाठी इतक्या सरकारांची मदत लागत होती आणि त्यांना एकत्र आणणारी एकही आशियाई यंत्रणा नव्हती. परकी साम्राज्ये गेली की आशिया सुरक्षित होईल, ही बांडुंगमागची भावना खरी होती. पण त्या बॉम्बचे मूळ चीनच्या स्वतःच्याच यादवी युद्धात होते. शिवाय परिषदेत बसलेले पाकिस्तान, थायलंड आणि फिलिपाइन्स हे देश सप्टेंबर १९५४ मध्येच मनिला करारात सामील झाले होते.

म्हणून बांडुंग फसले, असे मी म्हणणार नाही. २३ एप्रिलला चौ एन-लाय यांनी तिथूनच अमेरिकेशी बोलणी करण्याची तयारी जाहीर केली आणि ऑगस्टमध्ये जिनीव्हात राजदूतांची बोलणी सुरूही झाली. स्फोटानंतर दोन आठवड्यांच्या आत ही तयारी जाहीर झाली, हे लहानसहान नव्हे. परंतु तत्त्वे ठरली आणि ती मोडणाऱ्याला जाब विचारणारे कोणी नेमले गेले नाही. १९६२ साली भारत आणि चीन यांनीच त्याची किंमत मोजली.

सहजीवनाचे ठराव आजही होतात. ते वाचताना मला त्या विमानाच्या चाकाजवळची, कोणीच न तपासलेली जागा आठवते.