रेस्ट डेचा पहारेकरी कोण? सेवाग्राम, १९३६ आणि हेलसिंकीतली ती तीस मिनिटं

कानात इअरफोन, हातात डंबेल आणि एक दिवस सुट्टी घ्यायची म्हटली की मनात चुटपुट, असं ज्यांचं ज्यांचं होतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड आहे.

मी वर्ध्याकडचा. आमच्याकडे पहाटे कुठल्याही मैदानावर जा, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी दिसतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, दोघांनाही शंभर मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीचे ५० गुण, आणि त्यातल्या एकेका गुणावर घरची किती स्वप्नं टांगलेली असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. यातलीच बरीच पोरं संध्याकाळी जिममध्ये स्क्वॉट आणि डेडलिफ्ट मारतात. आणि एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं: "भाऊ, आपण तर रोज मारतो, एकही दिवस गॅप नाही." हे वाक्य अभिमानाने म्हटलं जातं.

आज मी तुम्हाला आरामाचा इतिहास सांगणार आहे. कसरतीचा इतिहास सगळे सांगतात. आरामाचा कोणी सांगत नाही. आणि हा इतिहास आमच्या वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर, सेवाग्रामच्या एका कुडाच्या घरात बघायला मिळतो.

तीन सोमवार

सेवाग्रामला जायच्या आधी थोडं मागे जाऊ. १२ मार्च १९३०. साबरमतीहून गांधीजी दांडीकडे निघाले. सोबत साधारण ऐंशी जण. अंतर सुमारे ३८५ किलोमीटर, दिवस २४. गांधीजींचं वय ६०. सरासरी काढली तर दिवसाला १६ किलोमीटर.

आता बारकाईने बघा. ही माणसं रोज चालत नव्हती. चालणं सकाळी आणि संध्याकाळी, दुपारच्या उन्हात मुक्काम. आणि दर सोमवारी अख्खा दिवस थांबा. सोमवार हा गांधीजींचा मौनाचा दिवस. बारा मार्च होता बुधवार, म्हणजे वाटेत सतरा, चोवीस आणि एकतीस मार्च असे तीन सोमवार आले. सगळ्या देशाचे डोळे लागलेले, सरकार कधीही अटक करेल अशी स्थिती, आणि तरी सोमवार म्हणजे सोमवार. पाय दुखायला लागले म्हणून कोणी थांबलं नाही. थांबायचं हे आधीच ठरलेलं होतं.

ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा. थकल्यावर घेतलेली सुट्टी वेगळी आणि वेळापत्रकात लिहिलेली सुट्टी वेगळी.

वर्धा, डिसेंबर १९३५

पण हाच माणूस पाच वर्षांनी वर्ध्यात कोलमडला. डिसेंबर १९३५. मुक्काम मगनवाडीत. ग्रामोद्योग संघाचं काम, ढीगभर पत्रं, भेटायला येणाऱ्यांची रीघ. रक्तदाब एकदम वाढला. डॉक्टरांनी सांगितलं, पूर्ण विश्रांती. वाचायचं नाही, लिहायचं नाही, लोकांना भेटायचं नाही. आधी वर्ध्यात, मग मुंबई, मग अहमदाबाद, असा दोन महिन्यांहून जास्त काळ सक्तीचा आराम झाला. सरदार पटेल आणि जमनालाल बजाज यांनी इतका कडक पहारा ठेवला की गांधीजींनी त्यांना थट्टेने आपले तुरुंगाधिकारीच म्हटलं. खरे तुरुंगाधिकारी ज्याने आयुष्यभर बघितले, त्याने म्हटलंय हे!

तुम्ही म्हणाल, गांधीजी कुठे वजनं उचलत होते? बरोबर आहे. त्यांचं ओझं पत्रांचं होतं, माणसांचं होतं, चिंतेचं होतं. पण शरीराकडे ताणाची वेगवेगळी खाती नसतात. परीक्षेचं टेन्शन, रात्रपाळी, घरातली कटकट, रात्री दोनपर्यंत चाललेले रील्स आणि शंभर किलोचा स्क्वॉट, सगळं एकाच खात्यातून वजा होतं. म्हणून ज्या आठवड्यात पेपर आहेत, त्या आठवड्यात तेवढंच वजन जास्त जड लागतं. ते तुमच्या मनाचे खेळ नसतात.

३० एप्रिल १९३६ ला गांधीजी वर्ध्याहून शेगावला राहायला गेले. हेच शेगाव पुढे १९४० मध्ये सेवाग्राम झालं. इथेही रक्तदाबाने पाठ सोडली नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्यांच्या आरोग्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्यात. २६ ऑक्टोबर १९३७ ला १९४/१३०, आणि १९ फेब्रुवारी १९४० ला २२०/११०. आजचा कुठलाही डॉक्टर हे आकडे बघून खुर्चीतून उठेल. १९३७ च्या डिसेंबरात त्यांना पुन्हा आरामासाठी जुहूला जावं लागलं.

पण सेवाग्रामचा दिनक्रम बघा. पहाटे चारच्या सुमारास उठणं, प्रार्थना, सकाळ-संध्याकाळ फिरणं, रोज तेलाचं मालिश, पोटावर आणि कपाळावर मातीच्या पट्ट्या, दुपारी थोडी झोप, रात्री लवकर अंथरुणावर, सोमवारी मौन. बापूकुटीत गेलात तर मालिशची जागा नक्की बघा. आणि हे मालिश एकतर्फी नव्हतं. कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींना आश्रमात ठेवून घेतलं, तेव्हा गांधीजी स्वतःच्या हाताने त्यांना मालिश करायचे. आराम ही तिथे चैन नव्हती. सूतकताईसारखंच ते रोजच्या कामातलं एक काम होतं.

तेच वर्ष, मॉन्ट्रियल

आता १९३६ वरच थांबू, कारण त्याच वर्षी जुलैमध्ये जगाच्या दुसऱ्या टोकाला एक छोटीशी नोंद छापून आली. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये काम करणारा हान्स सेली, वय २९. 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात त्याचं पानभरसुद्धा नाही एवढं टिपण आलं. उंदरांवर त्याने वेगवेगळे आघात केले, थंडी, जखम, अतिश्रम, औषधं. आघात कुठलाही असो, शरीर एकाच क्रमाने उत्तर देतं असं त्याला दिसलं. आधी हादरा. मग जुळवून घेणं, म्हणजे शरीर त्या ताणाला तोंड द्यायला शिकतं. आणि ताण थांबलाच नाही तर शेवटी थकून हार.

पुढे खेळांच्या प्रशिक्षकांनी ही कल्पना उचलली. जिमच्या भाषेत सांगतो. तुम्ही जड वजन उचलता तेव्हा ताकद वाढत नाही, त्या क्षणी ती कमी होते. सेट संपल्यावर तुम्ही आधीपेक्षा कमजोर असता. मग जेवण, झोप, वेळ मिळाला की शरीर झीज भरून काढतं आणि थोडं वर जातं. त्या वरच्या पायरीवर पुन्हा व्यायाम केलात तर जिना चढता. भरून निघायच्या आधीच पुन्हा घाव घातलात तर तोच जिना उतरता. खऱ्या शरीरात हे इतकं सरळ रेषेत होत नाही, पण दिशा हीच.

याचा वेटलिफ्टिंगमधला दाखला अमेरिकेचा आहे. दुसऱ्या महायुद्धात थॉमस डेलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर जखमी सैनिकांचे गुडघे आणि मांड्या वजनांच्या व्यायामाने बऱ्या करत होता. १९४५ मध्ये त्याने आपली पद्धत छापली, त्यात दहा-दहा वेळांचे सात-सात सेट होते. तीन वर्षांनी त्यानेच ते कमी केले. तीनच सेट, पहिला हलका, दुसरा मध्यम, तिसरा पूर्ण वजनाचा. आज तुमच्या ट्रेनरने लिहून दिलेले 'तीन सेट, दहा रेप' आठवतात ना? त्यांचं मूळ इथे आहे. ज्याने जड वजनाचा व्यायाम दवाखान्यात आणला, त्यानेच पुढे तो कमी केला.

तालमीतला वस्ताद

आपल्याकडे हे प्रयोगशाळेतून आलं नाही, तालमीतून आलं. व्यायामाची परंपरा विदर्भात काही नवी नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या मंडळींनी जर्मनीत जाऊन आपले देशी खेळ दाखवले होते. पुन्हा तेच १९३६!

आणि तालीम म्हणजे नुसते दंड-बैठका आणि जोर नव्हेत. तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली लाल माती. मेहनत झाली की मालिश. मग खुराक. मग दुपारची गाढ झोप. पैलवान दुपारी झोपलेला असला की घरातलं पोरसुद्धा आवाज करत नाही. आणि या सगळ्यावर नजर असते वस्तादाची. कोणाला आज जास्त रगडायचं आणि कोणाला "आज पुरे, जा घरी" म्हणायचं, हे तो ठरवतो. पैलवानाची स्वतःची खुमखुमी कितीही असो, वस्तादाचा शब्द शेवटचा.

हेलसिंकी, जुलै १९५२

तो पहारेकरी नसला की काय होतं, ते खाशाबा जाधवांच्या कुस्तीत दिसतं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान, जन्म १९२६. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले.

हेलसिंकीत ५७ किलो गटात खाशाबा एकेक कुस्ती मारत वर गेले. जपानच्या शोहाची इशीबरोबरची कुस्ती लांबली, अंगातलं सगळं पिळून काढणारी झाली. ती हरले. आणि मग ती गोष्ट घडली, जी खाशाबांच्या नावाबरोबर आजही सांगितली जाते. लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवसमोर उभं राहायला सांगितलं. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये किमान तीस मिनिटांची विश्रांती हवी होती. पण तो नियम दाखवून भांडायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. दमलेले खाशाबा मॅटवर उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य, खाशाबांना कांस्य.

स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावी शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्याचा आनंद आजही आहे. पण ती तीस मिनिटं मिळाली असती तर? उत्तर कोणाकडेच नाही. एवढं मात्र खरं की घर गहाण टाकणारा माणूस मिळाला, वर्गणी देणारं गाव मिळालं, अर्धा तास मागणारा माणूस मिळाला नाही.

तुमचा पहारेकरी

म्हणून मला वाटतं, मेहनतीला माणूस स्वतः पुरतो, आरामाला राखणदार लागतो. गांधीजींसारख्या शिस्तीच्या माणसालाही सरदार आणि जमनालाल लागले. तुमच्या जिममध्ये वस्ताद नाही, फी घेणारा काउंटर आहे. तेव्हा राखणदार तुम्हालाच व्हायचंय, किंवा एखाद्या मित्राला नेमायचंय.

करायचं काय, ते पटकन सांगतो. जड व्यायामानंतर स्नायूंची बांधणी साधारण २४ ते ४८ तास जोरात चालू राहते. म्हणून तोच भाग लागोपाठ दोन दिवस रगडू नका. नवीन असाल तर आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, पुरेसं आहे. जड सेटनंतर दोन-तीन मिनिटं थांबा. रात्री सात ते नऊ तास झोप. दर काही आठवड्यांनी एक आठवडा वजन आणि सेट मुद्दाम कमी करा. भरतीवाले, ज्या दिवशी जोरात पळालात त्या संध्याकाळी पायांचा व्यायाम नको. आणि आपल्या विदर्भात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा दुपारच्या उन्हात पळणं म्हणजे शौर्य नाही. दांडीवालेसुद्धा दुपारी थांबायचे.

खुणाही ओळखा. सकाळी उठल्या उठल्या नाडी नेहमीपेक्षा जास्त, झोप उडालेली, विनाकारण चिडचिड, मुलींची पाळी चुकणं, दोन आठवडे वजन खालीच येत राहणं. अशा वेळी शरीर आराम मागत असतं. आणि खूप जड व्यायामानंतर अंग प्रचंड दुखून सुजलं, लघवी काळ्या चहासारखी झाली, तर घरी बसून लिंबूपाणी पिऊ नका. स्नायू तुटून त्यातले घटक रक्तात उतरले की किडनीवर भार येतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आज झोपायच्या आधी एवढं करा. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये पुढच्या आठवड्यातला एक वार निवडा आणि तिथे 'सुट्टी' असं लिहून टाका. सोमवारच हवा असं नाही. पण एकदा लिहिला की मोडायचा नाही.

हा एपिसोड त्या मित्राला पाठवा, जो "एकही दिवस गॅप नाही" म्हणतो. पुढच्या वेळी भेटू. तोवर भरपूर मेहनत करा, आणि निवांत झोपा.