धूर गेला कुठे? इंजिनाच्या खोलीचा इतिहास

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. महाबळेश्वरच्या एखाद्या लॉजवर पाणी तापवायला डिझेलवर चालणारा हीटर आणला, तर तो बसवायचा कुठे? जाणकार मिस्त्री तीन गोष्टी बघतो: हवा कुठून येणार, धूर कुठून जाणार आणि तेल कुठे राहणार. जिन्याखालची बंद खोली कितीही सोयीची वाटली तरी ती चालत नाही. हवा कमी पडली की तेल अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही.

आता संशोधकाचा प्रश्न. सातारा-सांगलीकडे हे शहाणपण आलं कसं, आणि त्याचा पुरावा कुठे शोधायचा?

तेल जाळणारं यंत्र आपल्याकडच्या धंद्याच्या इमारतीत आलं ते मुख्यतः ऑइल इंजिनाच्या रूपात. पिठाची गिरणी, तेलघाणा, उसाचा चरक, सगळीकडे हेच इंजिन. धनजीशा कूपर यांचा साताऱ्याजवळ सातारा रोडला कारखाना होता. आधी नांगर, मग डिझेल इंजिनं. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. अशा माणसाबद्दल कागद भरपूर मिळतात. पण त्या काळातलं एखादं इंजिन ज्या खोलीत धडधडत होतं, त्या खोलीबद्दल? जवळजवळ काहीच नाही.

असं का, ते कायद्यात बघा. १९२३चा बॉयलर कायदा वाफेच्या बॉयलरची नोंदणी आणि तपासणी मागत होता. ऑइल इंजिनात वाफच नाही, म्हणजे ते त्यातून सुटलं. १९३४चा कारखाना कायदा साधारणपणे वीस किंवा जास्त कामगार असलेल्या जागेला लागू होता. १९४८च्या कायद्याने ती मर्यादा यंत्रशक्ती वापरणाऱ्या जागेसाठी दहावर आणली. गावातल्या गिरणीत माणसं किती? एक मालक, फार तर एक पोरगा. तपासनीस आला नाही, म्हणून अहवाल नाही. इथे एक धडा लिहून ठेवा: दप्तरात अपघात नाही याचा अर्थ अपघात झाला नाही असा होत नाही. तिथे बघायला कुणी गेलंच नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

आणि धोका खराच होता. जुन्या हॉट बल्ब इंजिनाचं डोकं सुरू करण्याआधी ब्लोलॅम्पने तापवावं लागे. एकीकडे उघडी ज्योत, दुसरीकडे हवेत उडणारं पीठ, जे दाट झालं तर भडकू शकतं. म्हणून इंजिन वेगळ्या खोलीत, जातं दुसरीकडे, आणि मधल्या भिंतीतून पट्टा, अशी मांडणी शहाणपणाची. धुराचा पाइप भिंतीबाहेर आणि वर न्यायचा. तेलाची टाकी त्या तापलेल्या पाइपापासून लांब ठेवायची. लॉजवरच्या हीटरचे तीन प्रश्न इथेही तेच आहेत.

मग पुरावा? सातारा जिल्ह्यातल्या एका बंद गिरणीत मी गेलो, तेव्हा तासभर इंजिनावरची कंपनीची पाटी वाचत बसलो. हॉर्सपॉवर उतरवून घेतली, फोटो काढले. निघताना वर नजर गेली. भिंतीतलं पाइपाचं भोक काळं होतं आणि त्याच्या शेजारी विटांनी बुजवलेलं दुसरं भोक, खिडकीला अगदी लागून. म्हणजे पाइपाची जागा कधीतरी बदलली होती. बहुधा धूर खिडकीतून परत आत येत असावा. ‘बहुधा’ हा शब्द मी मुद्दाम ठेवलाय. भिंत काय बदललं ते सांगते, का बदललं ते माणसांनाच विचारावं लागतं.

विचारतानाही जपून. ‘सुरक्षित होतं का हो?’ असं विचारलं की ‘होतं की!’ एवढंच उत्तर येतं. ‘काका, इंजिन सुरू करताना तुम्ही कुठं उभं राहायचा? तेलाचा डबा कुठं असायचा? पावसाळ्यात दार लावून घ्यायचा का?’ असं विचारा. हात आपोआप दिशा दाखवायला लागतात.

छापील साधनं हवी असतील तर माझी चूक करू नका. मी किर्लोस्करवाडी बरेच दिवस ‘सांगली’ या नावाखाली शोधत होतो. १९१० साली ती वसली तेव्हा ती जागा औंध संस्थानात होती. १९४९ला दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६०ला त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे एकाच गावासाठी तीन नावांनी शोध घ्यावा लागतो. १९२०पासून निघालेलं ‘किर्लोस्कर खबर’ही बघा, पण ते कारखान्याचंच मासिक होतं हे विसरू नका. यंत्र विकणारा धुराबद्दल किती बोलेल?

तर पुढच्या वेळी जुन्या गिरणीत गेलात की पाटी नंतर वाचा. आधी वर बघा आणि विचारा, धूर गेला कुठे? कारण तो जिथे गेला नाही, तिथे रोज कुणीतरी श्वास घेत उभं होतं. त्या माणसाचं नाव कुठल्याच दप्तरात नाही.