जुने दप्तर आणि धीराचे मोल

आपल्या समाजातील मुलाला वा मुलीला उच्च शिक्षणाची संधी येते, घरात आनंदीआनंद होतो, आणि नेमके त्याच वेळी पडताळणी समितीचे पत्र हाती पडते : आजोबांच्या जातीचा पुरावा अपुरा आहे, अधिक कागद सादर करावेत. ज्या गावात पिढ्यानपिढ्या नांदलो, तेथेच आपण कोण हे सिद्ध करावयाचे, ह्या विचाराने मन संतापते. हा संताप स्वाभाविक होय. परंतु संतापाने दप्तर उघडत नाही. म्हणून हा कागदाचा व्यवहार आपल्या जुन्नर-आंबेगाव भागात कसा वाढत आला आणि त्यातून वाट कशी काढावी, ह्याविषयी चार शब्द आम्ही समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

नोंद करून ठेवण्याची रीत आपल्या भागास नवी नाही. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळातील यज्ञांची व दक्षिणेची मोजदाद सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खडकावर कोरली गेली. जुन्नरभोवतालच्या लेण्यांतील लेखांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे व कासार ह्यांच्या श्रेणींचा उल्लेख आढळतो. म्हणजे कष्टकरी लोकांच्या संघांचीही नोंद येथल्या दगडाने राखली. पुढे जुन्नरचा हातकागद नावाजला. ज्या गावाने महाराष्ट्राला लिहिण्यास कागद पुरविला, त्याच गावच्या वंशजांनी आज एका कागदासाठी हिंडावे, हा काळाचा खेळच म्हणावयाचा!

सन १८१८ मध्ये पेशवाई जाऊन इंग्रजी अंमल आला. सन १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. 'ही जमीन तुम्हांस कोणत्या सनदेने मिळाली ते दाखवा,' असा प्रश्न तेव्हा घरोघर विचारला गेला. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागदांशी दावे ताडून पाहिले जात. कित्येकांच्या सनदा वाळवीने खाल्ल्या होत्या, कित्येकांच्या भाऊबंदकीत हरवल्या होत्या. अखेर सन १८६३ च्या कायद्यांनी ठरावीक आकार भरून इनाम कायम करून घेण्याची सोय झाली. ह्या हकिकतीतून एवढेच ध्यानात घ्यावयाचे की, हक्क सांगणाऱ्यानेच पुरावा दाखवावा, ही सरकारदरबारची रीत आजची नव्हे.

सध्याचा कायदाही तेच सांगतो. आपल्या शेजारच्या आदिवासी बांधवांपैकी महादेव कोळी जमातीच्या दाखल्यासंबंधीच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले होते. शाळेच्या दप्तरात 'हिंदू कोळी' अशी नोंद, आणि दावा 'महादेव कोळी' असल्याचा, असा तो वाद होता. त्याच्या निकालात दि. २ सप्टेंबर १९९४ रोजी न्यायालयाने पडताळणीची पद्धत घालून दिली. पुढे महाराष्ट्राचा सन २००१ चा २३ वा कायदा दि. १८ ऑक्टोबर २००१ पासून अमलात आला. त्याच्या ८ व्या कलमान्वये पुराव्याचा भार अर्जदारावर आहे. इतर मागासवर्गीयांत मोडणाऱ्या आपल्यासारख्या समाजास दि. १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा व त्या काळचे वास्तव्य दाखवावे लागते.

हा पुरावा कोठे असतो? एक, गावचे जन्म-मृत्यूचे रजिस्टर, म्हणजे गाव नमुना १४. लोक त्यास कोतवाल बुक म्हणतात. दुसरा, शाळेचे जनरल रजिस्टर. तिसरा, जमिनीचे जुने कागद. परंतु ह्यांपैकी एकही कागद आपली जात सिद्ध करण्यासाठी लिहिलेला नव्हता, हे विसरता कामा नये. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा आडनाव नसते, केवळ बापाचे नाव असते. बारशाचे नाव एक आणि शाळेतले दुसरे, हा प्रकार आम्ही शिक्षकाच्या पेशात शेकडो वेळा पाहिला. कितीएक जुन्या नोंदी मोडीत आहेत, आणि मोडी वाचणारे आता विरळा. नोंद खोटी नसते. ती तिच्या काळच्या गरजेपुरती बोलते, एवढेच.

आंबेगावकरांची अडचण तर दुहेरी आहे. सन १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरात तालुक्यांच्या यादीत जुन्नर आहे, खेड आहे, आंबेगाव नाही. सबब आज घोडेगावच्या तहसिलीत मोडणाऱ्या गावाचे जुने कागद पाहावयाचे तर खेडच्या, म्हणजे राजगुरुनगरच्या, दप्तराचीही चौकशी करावी लागते. शिवाय ज्या गावावरून तालुक्यास नाव मिळाले, ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. गाव बुडाले, माणसे पांगली. तथापि गाव बुडाले म्हणून त्याची नोंद बुडालीच, असे समजून हातपाय गाळू नयेत.

आमच्या माहितीतील एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. मुलीच्या आजोबांची जन्मनोंद सापडेना. एका कचेरीतून दुसरीकडे, तेथून पुन्हा पहिलीकडे, अशा फेऱ्या झाल्या. घरातील तरुण मंडळी हातघाईवर आली. तेव्हा मुलीच्या वृद्ध चुलत आजोबांनी वंशावळ लिहावयास घेतली. लिहिता लिहिता आजोबांच्या थोरल्या भावाचे पाळण्यातले नाव त्यांना आठवले. त्या नावाने शोध घेताच मोडीतील नोंद मिळाली, जातीसह! जाणत्याकडून लिप्यंतर करून घेतले, नात्याचे प्रतिज्ञापत्र जोडले, आणि कालांतराने वैधता प्रमाणपत्र हाती आले. भांडणाने जे झाले नसते, ते एका म्हाताऱ्याच्या स्मरणाने झाले.

धीर म्हणजे हात जोडून बसणे नव्हे. धीर म्हणजे आज एक काम पुरे करून उद्याच्या कामाची तयारी करणे. अर्ज दिला की आवक क्रमांक व तारीख घ्यावी. नोंद मिळत नसल्यास तसे लेखी मागावे. प्रत्येक नोंदीची खरी नक्कल घेऊन जपावी. वडिलांच्या बाजूच्या रक्तनात्यात कोणास वैधता मिळाली असल्यास तो मोठा आधार ठरतो. भाऊबंदांनी असा कागद एकमेकांस देताना जुना रुसवा आड येऊ देऊ नये. उत्तरच न मिळाल्यास सन २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहे. आणि टेबलामागे बसलेला कारकूनही कोणाच्या तरी घरचा मुलगा आहे. त्याच्याशी सभ्यतेने बोलल्याने आपले काही उणे होत नाही.

सरतेशेवटी एक विनंती. दाखल्याची घाई प्रवेशाच्या वेळी करू नका; मूल आठवीनववीत असतानाच कागद जमवा. येत्या दिवाळीत घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून वंशावळ लिहून काढा, पाळण्यातल्या नावांसकट. दप्तरातील कागद कदाचित पुढल्या वर्षीही मिळेल. पण तो कोणत्या नावाने शोधावा हे सांगणारी माणसे पुन्हा मिळणार नाहीत.