शीत, भात आणि सिग्मा

संख्याशास्त्राचे पुस्तक उघडावे, तो पहिल्याच प्रकरणात ग्रीक अक्षरांची पलटण समोर उभी राहते आणि भला माणूस मुकाट्याने पुस्तक मिटून ठेवतो. मला मात्र या चिन्हांची जन्मकथा मोठी मौजेची वाटते.

त्यांतला थोरला सिग्मा एवढेच सांगतो, की ‘पुढच्या साऱ्या आकड्यांची बेरीज करा.’ ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७५५ साली तो वापरला. धाकटा सिग्मा लंडनच्या कार्ल पिअर्सनने १८९४ साली आणला. आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत, याचे ते माप. दोन फलंदाजांची सरासरी चाळीसच असेल. पण एक नेहमी चाळिशीच्या आसपास बाद होतो, तर दुसरा आज शंभर काढतो नि उद्या शून्य. दुसऱ्याचा सिग्मा मोठा!

खरी गोम पुढेच आहे. शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. पण शीत म्हणजे भात नव्हे. पिअर्सनच्या काळी दोहोंच्या मापांना एकच नाव असे. हजारो मोजमापे हाती असली, की त्याने फारसे बिघडत नसे. डब्लिनच्या गिनेस मद्यशाळेतल्या गॉसेटपाशी मात्र मोजकेच प्रयोग असत. थोड्या आकड्यांवरून काढलेल्या मापावर कितपत विसंबावे, याचा हिशेब त्याने १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने मांडला. पुढे १९२२ साली रोनाल्ड फिशरने बजावले, की खरे मूल्य आणि त्याचा अंदाज यांना एकच नाव दिल्याने सारा घोटाळा होतो.

आज पुस्तकांतून बहुधा दोन निराळी घराणी दिसतात. सबंध भातासाठी ग्रीक अक्षरे : सरासरीला म्यू, विखुरण्याला सिग्मा. शितासाठी रोमन : डोक्यावर आडवी रेघ घेतलेला एक्स आणि साधा एस. एस काढताना सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज करतात आणि आकडे दहा असले तर तिला नऊने भागून वर्गमूळ घेतात. नमुन्याचे विखुरणे त्याच्याच सरासरीपासून मोजले, की ते जरा कमी भरते. ती तूट अशी भरून काढायची.

तेव्हा वाचकहो, ग्रीक अक्षर दिसले तर बिचकू नका. जे आपण सबंध पाहिलेले नाही, त्याचे ते नाव आहे. उद्या वर्तमानपत्रात एखाद्या पाहणीची सरासरी छापून आली, तर एवढेच विचारा : हे शीत की भात? आणि शिते किती चाचपली?