काटा कुणाच्या हातात?

सन 1989, चैत्राचं ऊन. मध्य प्रदेशच्या देवास जिल्ह्यातला बागली तालुका, विंध्याची उतरण. तुमच्या डोक्यावर हरभऱ्याचं गाठोडं आहे. पेरणी, खुरपणी, काढणी तुमची. शेताच्या कागदावर नाव नवऱ्याचं. व्यापारी तराजूची दांडी उचलतो आणि पारडं स्थिर होण्याआधीच आकडा सांगून मोकळा होतो. मग कडता कापतो : माती आहे म्हणे, ओल आहे. पावसाळ्यात उचललेले पैसे व्याजासकट वळते करतो. मापात पाप आहे हे तुम्हाला दिसतं. पण पुढचं बियाणंही त्याच्याकडूनच उधार आणायचं असतं. उरलेली नोट पदराच्या गाठीत बांधून तुम्ही निघता.

पुढची वर्षं बैठकांची. 1990 मध्ये ‘समाज प्रगती सहयोग’ ही संस्था स्थापन होते. तिच्या नीमखेड्याच्या केंद्राला नाव आहे बाबा आमट्यांचं. संस्थेच्या ‘कुंबाया’ या शिवणकामाच्या उपक्रमात गावातल्या बायका शिवणयंत्रावर बसतात. बचतगट उभे राहतात, अडीनडीला गटातूनच कर्ज मिळतं, सावकाराचा उंबरा सुटू लागतो. दरम्यान कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढायची वाट खुली होते.

आता 2012. बचतगटांतल्या बायकांची ‘राम रहीम प्रगती प्रोड्यूसर कंपनी’ नोंदली जाते आणि तुम्ही तिच्या भागधारक होता. तुमचा हरभरा तुमच्यासमोर चाळला जातो, ओलावा यंत्रावर मोजला जातो, काट्यावरचा आकडा सगळ्याजणी वाचतात. शेअर एक असो की दहा, मत एकच. हीच कंपनी पुढे वायदे बाजारातही उतरते.

बाईचा धंदा म्हटलं की आपल्याकडे अजून पापड-लोणचीच आठवतात. ती कष्टाची कमाई आहे, तिला नावं ठेवायची नाहीत. पण शेतमालातला नफा कुठे मुरतो, तर काट्यापाशी. म्हणून काट्याची मालकी बाईकडे येणं ही मला कुठल्याही कर्जयोजनेपेक्षा मोठी गोष्ट वाटते.

कंपनीच्या कागदावर नाव लागलं तरी जमिनीचा कागद वेगळाच राहतो. महाराष्ट्रात शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची, म्हणजे बायकोच्या नावे जमीन करण्याची हाक दिली आणि पुढे सरकारनं पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावायची सोय केली. तुमच्या घरचा उतारा काढून पाहा. घरच्या बाईचं नाव नसेल, तर तलाठ्याकडे अर्ज द्या.