सॅव्हॉयच्या लाकडी जमिनीवर

जोडीच्या नृत्यात एकाने न्यावयाचे व दुसऱ्याने मागे जावयाचे, ही वाटणी जुनी आहे. तिचा खरा कस लागला तो न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील सॅव्हॉय नृत्यगृहात. हे १९२६ साली उघडले. जवळच्या कॉटन क्लबात नाचणारे काळे, पण गिऱ्हाईक बहुतेक गोरे. सॅव्हॉयमध्ये मात्र दोघेही एकाच जमिनीवर नाचत. गुरुवारी घरकाम करणाऱ्या बायकांना सुटी, म्हणून त्या रात्रीला 'स्वयंपाकघरातल्या मेकॅनिकांची रात्र' म्हणत.

तेथला लिंडी हॉप बहुधा आठ मात्रांत बांधलेला. नेणारा डाव्या पायाने आरंभ करतो, साथीदारीण उजव्या. नेणे म्हणजे हात ओढणे नव्हे. तो आपल्या अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर टाकतो आणि जोडलेल्या हातातून तो तिला कळतो. (हुकूम आणि इशारा यांतला हा फरक आमच्या कित्येक पुढाऱ्यांना उमगत नाही, असो.) मिठी सुटून एकच हात धरलेला उरला, की पहिल्या दोन मात्रा तिच्या. मागे पाऊल टाकण्याऐवजी ती पावले वळवीत, कंबर फिरवीत पुढे येते. आणि मग नेणाऱ्यालाच तिची चाल ओळखून पुढचे पाऊल ठरवावे लागते.

१९४३ साली अधिकाऱ्यांनी अनीतीच्या आरोपावरून गृहाला काही महिने टाळे ठोकले. काळे-गोरे एकत्र नाचतात हीच खरी पोटदुखी, असे हार्लेममध्ये बोलले जाई. १९५८ साली ते कायमचे बंद झाले. तेथला नामांकित नर्तक फ्रँकी मॅनिंग तोवर टपालखात्यात नोकरीला लागला होता. १९८० नंतर तरुणांनी त्याला शोधून काढले, तेव्हा तो पुन्हा शिकवू लागला.